मोबाईल काढून घेतला. हाती काय दिले?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी या गावाने स्वतःला एक नियम घालून घेतला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, नाही तर घरात एकमेकांशी बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हे झाले आणि सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. पुढे आपल्या जवळच्या उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही संध्याकाळचे दोन तास असेच राखून ठेवले. भोंगा देवळावर आहे म्हणून नाक मुरडण्याचे आम्हास कारण दिसत नाही. उद्या तो समाजमंदिरावर बसवला तर नाक मुरडणारे दुसरे निघतील, एवढेच!

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलामुलींना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. न ऐकणाऱ्यास दंड करण्याचीही भाषा झाली. या दोन्ही बातम्या लोकांनी साधारण एकाच कौतुकाने वाचल्या. परंतु या दोन गोष्टी एक नव्हेत. वडगावच्या नियमात बापाचा मोबाईलही खाली ठेवला गेला. बान्सीचा नियम फक्त मुलांसाठी. ज्या घरात बाप ताटावर बसून रील बघतो, त्या घरातल्या पोराला 'मोबाईल सोड' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? घराचे सोडा, विधिमंडळाचे काय? जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत महाराष्ट्राने पाहिली. आपण खेळत नव्हतो, असे मंत्रिमहोदयांनी सांगितले. मग त्यांचे कृषी खाते काढून घेण्यात आले आणि त्यांना क्रीडा खाते देण्यात आले! राहिला दंडाचा मुद्दा. दंड आकारायचा तर त्याला कायद्याचा आधार लागतो, ग्रामसभेचा उत्साह पुरत नाही. आज मोबाईलचा दंड मुकाट्याने भरला, तर उद्या कशाकशाचा दंड गाव लावील याचा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या घेतलेला आहे.

मैंदर्गीचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव, कर्नाटकाच्या सीमेजवळचे. अनेकांच्या घरात कानडी, शाळेत मराठी, आणि हातातल्या मोबाईलमध्ये या दोन्हींसह हिंदी, असे इथल्या पोरांचे भाषेचे जग आहे. या भागातल्या एका माऊलीने मध्यंतरी आम्हास विचारले, "वकीलसाहेब, ह्या मोबाईलवाल्यांवर केस करता येते का ओ?" पोरगा नववीत. रात्री ती झोपते तेव्हा तो जागा असतो आणि सकाळी ती कामाला निघते तेव्हा तो झोपलेला असतो. शाळेत जातो तो डुलक्या काढायला. मोबाईल हिसकावून घेतला तर दोन दिवस जेवला नाही. वस्तीतल्या बायका तिलाच बोल लावतात, आईचे लक्ष नाही म्हणतात. दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून काम करणाऱ्या बाईने पोरावर लक्ष केव्हा ठेवायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात की अज्ञान मुलाने केलेला करार हा करारच नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे ११ वे कलम आणि १९०३ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा मोहरीबीबी खटला, हे त्याचे आधार. असे असताना चौदा वर्षांचे पोर 'मला मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवते आणि त्याचा वेळ, त्याच्या आवडीनिवडी, तो कुठे थांबला व काय बघून पुढे सरकला याची सगळी नोंद कंपनीच्या खात्यात जमा होऊ लागते. त्या नोंदीवरच पुढचे चित्र कोणते दाखवायचे हे ठरते. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. पुस्तकाला शेवटचे पान असते, सिनेमाला मध्यंतर असते. रीलला दोन्ही नाही. हे चुकून झालेले नाही, मुद्दाम तसे बनवलेले आहे, कारण पोर जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती विकल्या जातात. हे चालवणाऱ्या हजारो शिकलेल्या माणसांशी मैंदर्गीचा नववीतला पोरगा एकटा लढणार आणि हरला की आपण त्याला 'बिघडला' म्हणणार, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. २०१६ नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला आणि रोजचा दीड-दोन जीबी अशा हिशेबाने मिळू लागला. रात्री बाराच्या आत वापरला नाही तर तो गेला, दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. गरिबाच्या घरात काही वाया घालवायचे नाही हा संस्कार असतो. पैसे भरलेत तर संपवले पाहिजे! रात्री अकराला उरलेला डेटा 'संपवत' बसलेली कितीतरी पोरे आम्ही पाहिली आहेत. झोपेचा पहिला बळी इथे जातो, अभ्यासाचा त्यानंतर.

'व्यसन' हा शब्द मात्र जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून अमलात आले, गेमच्या विकाराला स्थान दिले. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा उरलेला नसणे, बाकी सर्व गोष्टींहून त्याला अधिक महत्त्व येणे, नुकसान दिसत असूनही ते चालू राहणे, आणि हे सर्व साधारण वर्षभर टिकणे. दिवसाला तीन तास मोबाईल बघणारे प्रत्येक पोर आजारी नसते. जे खरोखर अडकले आहे त्याला उपचार हवेत, अंगारा-धुपारा नको आणि झोडपणे तर नकोच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्येच यासाठी वेगळे क्लिनिक सुरू केले. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. पण मैंदर्गीहून सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसाची मजुरी बुडाली. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तिथे पैसे लागत नाहीत. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहिला गेला पाहिजे.

हा मोबाईल आपल्या घरात आला कसा, हेही विसरून चालणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर येईल असे सरकारने सांगितले. ज्यांच्या घरी साधा फोन होता त्यांनी हातउसने घेऊन, कुणी शेळी विकून, स्मार्टफोन आणला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातले पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले, तोवर दीड वर्ष उलटून गेले होते. शाळा परत आली, पण मोबाईल परत गेला नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. ज्या वस्तूला 'शाळा' म्हणून घरात घेतले तिचे काय झाले, ते या दोन आकड्यांत आले.

आता शासनच ती वस्तू सोडू देत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, ओटीपी मोबाईलवर. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. मैंदर्गीच्या पोरीला जवळच्याच गावच्या कॉलेजात जायचे असले तरी पसंतीक्रम मोबाईलवर नाही तर सायबर कॅफेत भरावा लागतो. शहरातल्या सुखवस्तू घरांत मुलाला मोबाईल देत नाहीत, कारण तिथे लॅपटॉप आहे, क्लास आहे, पोहण्याचा तलाव आहे. त्यांचे पाहून 'मोबाईल फेकून द्या' असा उपदेश आपल्या वस्तीत येऊन करणे म्हणजे शुद्ध दांभिकपणा होय.

या उपदेशाची पहिली झळ पोरींना बसते. डिसेंबर २०२५ मध्ये राजस्थानातील जालोर जिल्ह्यात एका जातपंचायतीने पंधरा गावांतल्या सुना-मुलींना कॅमेऱ्याचा फोन वापरण्यास बंदी केली. कारण काय सांगितले, तर मुलांचे डोळे खराब होतात! मुले आयांचे फोन बघतात म्हणून आयांचे फोन बंद आणि बापांचे चालू. ओरड झाली तेव्हा तो निर्णय मागे घेण्यात आला. महाराष्ट्रात असे काही कुणी केले तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हाताशी आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. केरळमध्ये एका विद्यार्थिनीला अभ्यासाच्या वेळेत फोन जमा करायला नकार दिला म्हणून वसतिगृहातून काढले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट मिळणे हे शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकारात येते असे म्हटले. 'असर'च्या त्याच पाहणीत स्वतःचा फोन असल्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत कमी आढळले. घरातला एकुलता फोन भावाच्या हातात जातो आणि बहीण त्याने ठेवला की मग बघते. म्हणून नियम करताना कुणाच्या हातातून काय जाते आहे, हे आधी तपासावे लागते.

आपल्या पोरांच्या बाबतीत तर मोबाईलचा धोका केवळ गुण कमी पडण्याचा नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाल्याचे प्रकरण वाचक विसरले नसतील. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दंगल पेटली. रात्री दोन वाजता झोप नसलेल्या डोळ्यांनी ठेवलेले एक स्टेटस सकाळी पोलीस ठाण्यात पोचू शकते. कुणी 'तुझे बँक खाते आठ दिवस वापरायला दे, दोन हजार देतो' असे सांगते आणि पोर खाते देऊन बसते. मग ते फसवणुकीच्या गुन्ह्यात अडकते. घरच्यांना हे कळते ते वकील शोधायची वेळ येते तेव्हा.

कायदे नाहीत असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्यास शिक्षा नाही. कंपन्या या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. गेममधले 'डायमंड' विकत घेणे मात्र यात येत नाही, कारण तिथे पैसे जिंकण्याची आशाच नसते, नुसते पैसे जातात! २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे ९ वे कलम सांगते की अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची संमती हवी, आणि मुलांच्या पाळतीवर राहून त्यांच्यावर जाहिरातींचा नेम धरता येणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची सवलत दिली गेली. पण गरिबाच्या घरात सिमकार्ड बापाचे, खाते बापाच्या नावाचे, आणि ओटीपी कुठे येतो हे बापापेक्षा पोराला अधिक ठाऊक. कंपनीच्या दफ्तरी मैंदर्गीचा नववीतला पोरगा हा बेचाळीस वर्षांचा शेतमजूर आहे. मुलांसाठीचे संरक्षण त्याच्यापर्यंत पोचणार कसे? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही असा कायदा लागू केला. तो टिकेल न टिकेल, पण त्यात दंड कंपनीला आहे. मुलाला नाही आणि आईबापालाही नाही. आपल्याकडे गावोगाव ठराव होतात ते बरोबर याच्या उलट.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात दहावीतल्या एका मुलाने जीव दिला. संक्रांतीसाठी तो वसतिगृहातून घरी आला होता आणि अभ्यासासाठी मोबाईल मागत होता. कर्जात असलेल्या बापाला तो घेता आला नाही. मुलाला पाहून बापानेही आपला जीव संपवला. या बातमीला 'मोबाईलच्या वेडाचा बळी' म्हणणाऱ्यांना आमचे विचारणे आहे की, यात मोबाईलचे वेड किती आणि शेतकऱ्याची उधारी किती?

म्हणून हिसकावून घेण्याआधी हाती काय देणार, हे ठरवावे लागेल. आपल्याला यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेचे पहिले वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये निघाले ते आपल्या सोलापुरात. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि एक हॉकी क्लबही काढला! गिरणीतून सुटलेला तरुण जुगाराकडे आणि दारूकडे वळतो, हे त्यांना दिसत होते. त्या काळी सभेकडे पैसा किती होता आणि पुढ्यात प्रश्न किती होते! पाणी, मंदिर, वतन, नोकऱ्या. तरीही रिकाम्या संध्याकाळचा प्रश्न त्यांनी फालतू मानला नाही. जुगारावर भाषणे देऊन ते थांबले नाहीत. पोराच्या हातात काठी दिली, समोर मैदान ठेवले आणि रात्री बसायला दिव्याची जागा केली.

शंभर वर्षांनंतर आपल्या वस्त्यांत काय दिसते? समाजमंदिर आहे, पण त्याला कुलूप आहे. ते उघडते १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आणि कुणाच्या लग्नात. जयंतीच्या डीजेवर होणारा खर्च सांगायला आम्हास संकोच वाटतो. त्यातल्या अर्ध्या पैशात एका खोलीत ट्यूबलाइट, वीस खुर्च्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि दोन कॅरम बोर्ड वर्षभर चालतील. आमचे काही तरुण मित्र म्हणतात, 'दादा, आता पुस्तक कोण वाचतंय, सगळं यूट्यूबवर आहे.' असेल. पण मग तो यूट्यूबही एकट्याने पांघरुणात कशाला, दहा जणांनी मिळून भिंतीवर बघा आणि बघून झाल्यावर त्यावर भांडा. पोरगा एकटा असतो तेव्हाच रील त्याला धरून ठेवते. कबड्डीच्या डावात खिशातला फोन वाजला तरी कुणी काढत नाही.

मैंदर्गीपुरते बोलायचे तर तिथे ग्रामपंचायत नसून नगरपरिषद आहे आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात वाचनालय व उद्याने ही परिषदेच्या ऐच्छिक कर्तव्यांत धरलेली आहेत. ऐच्छिक म्हणजे मागितल्याशिवाय न मिळणारी! राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, तेव्हा मागायला समोर लोकप्रतिनिधी आहेत. संध्याकाळी सहा ते नऊ उघडी राहणारी अभ्यासिका, त्यात मुलींसाठी निम्म्या जागा आणि घरी परतायच्या वाटेवर दिवे, प्रवेशाच्या व शिष्यवृत्तीच्या दिवसांत अर्ज भरून देणारा एक संगणक, आणि पोरांना खेळायला पटांगण, अशी मागणी करणारा लेखी अर्ज वस्तीतल्या आयांच्या सह्यांनिशी मुख्याधिकाऱ्यांना द्यावा. हे झाले की मग खुशाल सातचा भोंगा वाजवा, आणि तो नगरसेवकापासून आमच्यासारख्या वकिलापर्यंत सगळ्यांना लागू करा.

अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी आश्वासनावर परत येऊ नये. सोबत माहितीच्या अधिकारात एक वेगळा अर्ज टाकावा, त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. गेल्या पाच वर्षांत दलित वस्तीच्या निधीतून गावात कोणकोणत्या इमारती बांधल्या, त्यावर किती खर्च झाला, आज त्यांचा वापर कशासाठी होतो आणि त्यांची किल्ली कुणाकडे असते, हे त्यात विचारावे.